घरात काही उरलंय का

आमच्या नोंगसाय गावात सरकारची कुठलीही गोष्ट आधी भोंग्यावरून येते. विहाराजवळच्या खांबावर चार भोंगे आहेत, त्यातले दोन चालतात. उन्हाळ्याच्या तोंडाशी एका सकाळी मी कोंबड्यांना कोंडा टाकत होते आणि गावमुखिया सिंगखॉन खाकरत खाकरत कागद वाचत होता. ज्यांच्या घरी गांजाचं झाड, फूल, बी किंवा तेल असेल त्यांनी तीन महिन्यांच्या आत तालुक्याला जाऊन सांगावं. शिक्षा होणार नाही. आजाऱ्यांना गांजाचं औषध दवाखान्यातून मिळेल, त्यासाठी वेगळी खोली उघडणार आहे. जुन्या वैद्यांना परवाना मिळेल. एवढं वाचून त्याने कागदाची घडी घातली, पण भोंगा बंद करायला विसरला. मग सगळ्या गावाने ऐकलं, "अगं ओनसी, आपलं ते गवती चहामागचं झाड आजच उपटून टाक."

गाव दिवसभर हसत होतं. मीही हसले. दुसऱ्या दिवशी मला तालुक्याच्या शिबिराचा निरोप आला आणि माझं हसू तिथेच संपलं. मी गावची आरोग्यसेविका. नाव नोई. आभाळी रंगाचं जाकीट घालून मी घरोघर डासांच्या अळ्या बघते, म्हाताऱ्यांचा रक्तदाब मोजते आणि सरकार जे म्हणेल ते लोकांना पटवते. शिबिरात आम्हाला डब्यातला थंड भात मिळाला आणि सांगण्यात आलं, की प्रत्येक गावातून निदान दोन आजारी आणि एक वैद्य, एवढी नावं हवीत.

आमच्या गावात वैद्य एकच. थोंगदाम मामा, माझ्या आईचा चुलतभाऊ. आणि आजाऱ्याचं नाव शोधायलाही दुसऱ्या घरी जावं लागत नव्हतं, कारण त्याची बायको बुआलाय मामी पाच वर्षं हाताच्या कंपाने हैराण होती.

मामीचा हात कापायला लागला तेव्हा आधी करंगळी, मग मनगट, मग दोन्ही खांदे. प्रांताच्या दवाखान्यातल्या गोळ्यांनी तिला उमासे यायचे आणि दुपारनंतर त्यांचा काही उपयोग राहायचा नाही. मग मामाने म्हशीच्या गोठ्यामागे चार झाडं लावली, त्यांची फुलं खोबरेल तेलात मंद आचेवर ठेवून तेल काढलं आणि दिवेलागणीला तीन थेंब तिच्या जिभेखाली घालायला लागला. कंप गेला नाही. पण मामीला झोप लागायला लागली, आणि झोप झाली की सकाळी तिचा हात तिचं ऐकायचा. टोपलीतला चिकट भात चिमटीत घ्यायची, मुठीत दाबून गोळा करायची, मिरचीच्या ठेच्यात बुडवून तोंडात टाकायची. एवढंच. आमच्याकडे चमच्याने भात खात नाहीत. ज्याला स्वतःचा गोळा वळता येत नाही त्याला कोणीतरी भरवतं, आणि भरवतात ते तान्ह्याला किंवा मरायला टेकलेल्याला.

मी गेले तेव्हा मामा खांबांवरच्या घराखाली, माचावर बसून माशाच्या सापळ्यासाठी बांबूच्या कामट्या काढत होता. मामी शेजारी लसूण सोलत होती.

"मामा, तालुक्याला चला," मी म्हणाले. "आहे ते सांगून टाका. तुम्हाला परवाना मिळेल आणि मामीला तिच्या नावाची बाटली. गोठ्यामागे लपवायला नको."

"लपवलंय कोणी? कोणी विचारलं नाही म्हणून सांगितलं नाही," मामा म्हणाला.

"आता विचारतायत."

"मग सांगायला पाहिजे." त्याने कामटी डोळ्यासमोर धरून तिचा बाक पाहिला. "गुरूंनी दोनच गोष्टी घालून दिल्या. औषधाचं मोल मागायचं नाही, आणि औषधाबद्दल खोटं बोलायचं नाही. रोग्याशी नाही, राजाशी नाही. खोटं बोलला की औषधाचं गवत होतं."

त्याचे गुरू म्हणजे नदीपलीकडचे एक म्हातारे भंते. ते जाऊन तीस वर्षं झाली, पण मामाच्या घरात उशाशी उंच फळीवर त्यांचं ताट असतं. ताटात पाच जोड्या मेणबत्त्या, पाच जोड्या पांढरी फुलं, आणि बाजूला ताडपत्राची पोथी. रोगी येतो तोही तेवढंच घेऊन येतो. मामाने त्याहून जास्त कधी घेतलं नाही, आणि घेतलं असतं तर मामी निदान नव्या पत्र्याखाली झोपली असती.

"नोई, ते खोलीतलं औषध कधी मिळणार?" मामीने विचारलं.

"पुढच्या महिन्यात, मामी," मी सांगून टाकलं. खोलीची किल्ली माझ्याच कमरेला असल्यासारखं.

तिने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. "तुझ्या मामाला सांग, एखादी बाटली मागे ठेवावी. माझं ते ऐकायचे नाहीत."

मी सांगितलं नाही. मला वाटलं, महिनाभराचा तर प्रश्न आहे.

तालुक्याला जायच्या दिवशी मी सकाळी पोचले तर मामाने चारही झाडं मुळासकट उपटून खताच्या पोत्यात घातली होती. तेलाच्या अकरा बाटल्या चौकड्याच्या पंच्यात बांधल्या होत्या. त्यांची मुलगी पिकुन जिन्याच्या पायरीवर बसून बघत होती. नवरा समुद्राकडच्या कारखान्यात, ही आईसाठी गावी परत आलेली.

"बाबा, बियांचा डबा तरी राहू द्या," ती म्हणाली.

"कागदावर काय लिहिलंय? 'असलेलं सगळं'."

"कागदाला माझे हात दिसतात का?" मामी वरून म्हणाली. ती खाली उतरलीच नाही.

मामाने बियांचा डबाही पोत्यात टाकला. मी पिकअपवाल्याला हाक मारली. तोंडात शब्द आले होते, की मामा, लोक अर्धंच सांगतायत, सिंगखॉनने तर नुसतं वाळलेलं एक झाड दाखवलं आणि बाकीचं म्हशीने खाल्लं म्हणून सांगितलं. पण माझ्या यादीत वैद्याचं नाव हवं होतं. मी पोत्याचं दुसरं टोक धरून ते गाडीत चढवलं.

तालुक्याच्या कचेरीत दोरीला चष्मा लटकवलेला एक साहेब होता. माणूस वाईट नव्हता. त्याने मामाला खुर्ची दिली, मामीच्या आजाराचं ऐकून घेतलं, बाटल्या मोजल्या, झाडं मोजली, बियांचा डबा हलवून पाहिला.

"आजींपुरतं औषध जवळ ठेवता येतं," तो म्हणाला. "डॉक्टरचा दाखला असेल तर."

"दाखला कोण देतं?" मामाने विचारलं.

"दवाखान्यातली गांजाची खोली."

"ती कधी उघडते?"

"वरून तारीख यायची आहे."

"मग तोवर?"

साहेबाने चष्मा डोळ्यावर चढवला, परत उतरवला. "तोवर हे इथे जमा." मग त्याने लेखणी टेबलावर ठेवली, मुद्दाम ठेवली, आणि हळू आवाजात विचारलं, "आबा, घरात काही उरलंय का? तुम्ही सांगाल तेच मी लिहिणार. घाई नाही. आठवून सांगा."

एवढं सांगितल्यावर लहान पोरालाही कळलं असतं. मी मामाच्या कोपराला हात लावला. त्याने तो हळूच बाजूला केला.

"काही नाही," तो म्हणाला. "एक बीसुद्धा नाही."

साहेबाने सुस्कारा टाकला आणि लिहिलं. मग आमचा फोटो काढला. मागे योजनेचा हिरवा फलक, मध्ये पोतं, एका बाजूला अंगठा लावलेला कागद धरून मामा, दुसऱ्या बाजूला मी. तो फोटो अजून उपकेंद्राच्या भिंतीवर आहे. त्यात मी दात दाखवून हसतेय.

महिना गेला. दुसरा गेला. आंबे संपले, पाऊस आला, बेडूक ओरडायला लागले. खोलीची तारीख दोनदा आली आणि दोनदा पुढे गेली. मी रक्तदाबाचं यंत्र घेऊन मामाच्या घरावरून जायची, ती आता पलीकडच्या वाटेने जायला लागले. खोटं कशाला सांगू, मला तोंड दाखवायची लाज वाटत होती.

तेल बंद झाल्यावर आठ दिवसांत मामीची झोप गेली. पंधरा दिवसांत तिचा खांदा लाकडासारखा ताठला. भाताचा गोळा वळता वळता सुटायला लागला, दाणे मांडीवर, चटईवर सांडायचे, कोंबड्या येऊन वेचायच्या. पिकुन भरवायला गेली की मामी तोंड मिटायची. मग ती सगळ्यांबरोबर जेवायला येईनाशी झाली. स्वयंपाकाच्या पडवीत, चुलीकडे तोंड आणि लोकांकडे पाठ करून ती टोपलीत तोंड घालायची. हे मला पिकुनने सांगितलं, आणि सांगताना ती रडली नाही, नुसती तिखट वाटत राहिली.

लावणीची सावड सुरू झाली. आज त्यांच्या वावरात, उद्या आमच्या. आम्ही आठ बायका ओळीने वाकलेल्या, पोटरीभर चिखलात, मागे मागे सरकत. मामा इंजिनाचं औत घेऊन वरच्या खाचरात चिखलणी करत होता. गुडघ्यापर्यंत चिखल, पाठीवर पाऊस, आणि अडुसष्टाव्या वर्षी त्या यंत्राच्या मुठी धरून ओढाताण. तेवढ्यात मामी बांधावरून आली.

"मी मुठी बांधते," ती म्हणाली.

रोपांची मूठ बांधायला बोटं लागतात. मुळं पायाच्या टाचेवर आपटून चिखल झाडायचा, शेंडे सारखे करायचे, बांबूच्या सालीने फास ओढायचा. मामीने चार मुठी बांधल्या. चारही पाण्यात पडताच सुटल्या आणि रोपं तरंगत बांधाला लागली. ती उठली, सुटलेली रोपं गोळा केली आणि आमच्या ओळीत येऊन उभी राहिली.

"सरका गं जरा."

आमच्या गावात मामीच्या ओळीला दोरी धरल्यासारखी ओळ म्हणायचे. नवी सून आली की तिला मामीच्या शेजारी उभी करायचे, शिकायला. त्या दिवशी मामी रोप खोचायची, अंगठा कापायचा आणि रोप आडवं व्हायचं. दुसरं खोचायची, ते खोल जायचं. ती मागे सरकत गेली आणि तिच्यासमोरची ओळ वाऱ्याने झोपवल्यासारखी दिसायला लागली. मी तिच्या डावीकडे होते. ती वळली की मी हात लांब करून एखादं रोप सरळ करायची. उजवीकडची ओनसी, गावमुखियाची बायको, तीही तेच करत होती. आम्हाला वाटलं, तिला दिसत नाही.

बांधापाशी पोचल्यावर मामी उभी राहिली. कमरेवर हात ठेवून तिने पूर्ण ओळ पाहिली. सरळ झालेली ओळ.

"छान लावलीत," ती म्हणाली. "आता माझं मढंही तुम्हीच नेऊन पुरा, तेही सरळ पुराल."

आमच्याकडे मढं पुरत नाहीत, जाळतात. पण तिला दुरुस्त करायची कोणाची हिंमत झाली नाही. ती चिखलातून पाय ओढत घराकडे गेली. वरच्या खाचरातलं औत थांबलं होतं. मामाने सगळं पाहिलं होतं. थोड्या वेळाने औत परत सुरू झालं.

वर्षावास लागायच्या आदल्या आठवड्यात एकदाची खोली उघडली. मी दोघांना घेऊन गेले, पिकअपमधून तालुक्याला, तिथून बसने जिल्ह्याला. खोलीच्या दारावर पांढरा डगला घातलेलं हसरं हिरवं पान रंगवलेलं होतं. आमचा नंबर चौसष्ट. मामीला तहान लागली म्हणून मी पेला दिला, तिच्या हातातून अर्धं पाणी टेबलावरच्या अर्जावर सांडलं. तिथल्या बाईने आधी कागद पुसला, मग मामीचा हात.

डॉक्टरीण माझ्या मुलीच्या वयाची होती. गोड बोलायची. मामीची बोटं उघडमीट करून पाहिली, चालायला लावलं.

"आजी, तुमचा आजार यादीत आहे," ती म्हणाली. "पण दुसऱ्या भागात. पहिल्या भागातल्यांना आज औषध देता येतं. दुसऱ्या भागासाठी मेंदूच्या डॉक्टरांचं पत्र लागतं, की नेहमीच्या गोळ्यांनी भागत नाही."

"भागत नाही ते मी सांगतेय ना," मामी म्हणाली.

"पत्र लागतं, आजी."

"ते डॉक्टर कुठे?" मी विचारलं.

"प्रांताच्या दवाखान्यात. मी तारीख घेऊन देते." तिने यंत्रात पाहिलं. "वर्षावास संपल्यावर, दुसऱ्या आठवड्यात."

म्हणजे तीन महिने. मामीने तीन बोटं वर धरली, मला दाखवायला की स्वतःलाच मोजायला, कोण जाणे. बोटं थरथरत होती.

"याआधी काही घेत होतात?" डॉक्टरणीने विचारलं.

"यांचं तेल."

"ते आता घेऊ नका हं. तपासलेलं नसतं, कशात काय असेल सांगता येत नाही."

"नाही घेत," मामा म्हणाला. "तुमच्याकडेच जमा आहे."

आम्ही परतीच्या बसमध्ये बसलो. मामीचं डोकं खिडकीच्या काचेवर टक टक वाजत होतं. मामाने आपला पंचा घडी करून मध्ये धरला आणि तालुका येईपर्यंत तसाच धरून बसला.

दुसऱ्या दिवशी ओनसी माझ्याकडे आली. फडक्यात गुंडाळलेली बाटली, आंबवलेल्या मासळीचा वास मारणारी. तिने ती मासळीच्या रांजणात बुडवून ठेवली होती, तिथे कुठला साहेब नाक घालणार. शिवाय मूठभर बी.

"आमच्या ह्याला सांगू नकोस," ती म्हणाली. "त्याला वाटतं मी खरंच सगळं उपटलं. हे थोंगदाम आबांनीच दिलेलं तेल आहे, माझ्या पाठीसाठी. त्यांना म्हणावं, तुमचंच तुम्हाला परत."

मी बाटली घेऊन गेले. मामा फळीपाशी, गुरूंच्या ताटातली वाळलेली फुलं बदलत होता. मी बाटली चटईवर ठेवली आणि कुठून आली ते सांगितलं.

"परत दे," तो म्हणाला.

"मामा, कोणाला कळणार नाही."

"मला कळेल. मी अंगठा दिलाय, की घरात काही नाही. ही बाटली घरात राहिली तर तो अंगठा खोटा. उद्या कोणी रोगी आला, मी त्याला काढा दिला, तर त्या काढ्यात काय राहणार? गवत."

मामी पडवीतून आली. भिंत धरत धरत, एकेक पाऊल मोजत. ती बसली नाही.

"पाच वर्षं तुमचे थेंब घेतले," ती म्हणाली. "चव कडू, पण कधी नाही म्हटलं का? म्हटलं नाही. तुम्ही पोतं भरलंत, तेव्हा विचारलंत का मला? अंगठा तुमचा होता. हात माझा गेला."

"अगं, गुरूंचं..."

"तुमचे गुरू तीस वर्षांपूर्वी गेले. त्यांना रोज फुलं मिळतात. मी जिवंत आहे आणि मी टोपलीत तोंड घालून कुत्र्यासारखी जेवते." तिचा आवाज चढला नव्हता. "मला बरं नाही व्हायचं. होणार नाही तेही ठाऊक आहे. मला सकाळचा घास स्वतःच्या हाताने खायचाय. तेवढा सुद्धा तुमच्या गुरूंच्या फळीवर नेऊन ठेवलात तुम्ही."

पिकुनने तिला धरून नेलं. मामा ताटाकडे बघत उभा राहिला. मी बाटली उचलायला वाकले, तर तो म्हणाला, "राहू दे. गुरुवारपर्यंत तुझ्याकडे ठेव."

गुरुवारी सकाळी तो विहारात आला. मी तांदूळ घेऊन गेले होते, भंतेंच्या भिक्षेला. मामाने नवा पंचा खांद्यावर घेतला होता आणि दोन्ही हातांत गुरूंचं ताट होतं, ताटावर ताडपत्राची पोथी. मला वाटलं, वर्षावासाची पूजा असेल. तो बोधिवृक्षाखाली बसला, पाचही जोड्या मेणबत्त्या लावल्या, आणि मोठ्याने, जवळ उभ्या माणसाला ऐकू जाईल असं बोलला.

"गुरुजी, मी थोंगदाम. चव्वेचाळीस वर्षं तुमची विद्या वापरली. कोणाला फसवलं नाही. आता मला खोटं बोलायचंय. म्हणून रजा मागतो."

मेणबत्त्या पावसाळी हवेत तडतडल्या. त्या विझेपर्यंत तो हात जोडून बसला. मग पोथी भंतेंच्या पुढ्यात ठेवली, ताट झाडाच्या मुळाशी पालथं घातलं. भंते तरुण आहेत, शहरातून आलेले. ते काहीतरी म्हणायला गेले, पण मामाने तीनदा वाकून नमस्कार केला आणि उठला. उठताना गुडघ्यावर हात टेकून त्याला दोनदा जोर लावावा लागला. मी पुढे झाले नाही. त्या वेळी त्याला हात लावणं मला बरं वाटलं नाही.

दारात तो माझ्यापाशी थांबला. "बाटली आण," एवढंच म्हणाला.

त्या आठवड्यात शेजारच्या गावातून एक माणूस आला, बापाच्या पायाची सूज घेऊन. हातात मेणबत्त्या आणि फुलं. मामा बांधावर खेकड्यांची बिळं बुजवत होता.

"इथे वैद्य राहत नाही," तो म्हणाला.

"अहो आबा, मागच्या वर्षी तुम्हीच तर..."

"मागच्या वर्षी होता. दवाखान्यात ने बापाला. पहिल्या बसने जा, नंबर लवकर लागतो."

तो माणूस फुलं हातात धरून बराच वेळ उभा होता. मग त्याने ती बांधावर ठेवली आणि गेला. असे नंतर आणखी आले. मला सगळ्यांची नावं माहीत आहेत, कारण ते मामाकडून निघून माझ्याकडे यायचे आणि माझ्याकडे काय, रक्तदाबाचं यंत्र.

मामीला परत झोप लागायला लागली. हात पहिल्यासारखा झाला नाही, मधल्या महिन्यांनी जे नेलं ते नेलंच. पण सकाळी, ऊन चढायच्या आत, दहा-बारा गोळे ती वळायची. ती परत माचावर सगळ्यांत बसून जेवायला लागली. मामाच्या अंगणातही गवती चहाच्या मागे ओनसीच्या बियांची दोन रोपं वीतभर झाली होती. मामा त्यांना पाणी घालायचा, पण त्यांच्याशी बोलायचा नाही. आधी बोलायचा.

भात पोटरीला आला तेव्हा चष्मेवाला साहेब स्वतः आला. गाडीतून उतरला, बूट काढले, माचावर बसला. सकाळची न्याहारी चालली होती. पलीकडच्या चुलीवर खोबरेल तेलाचं भांडं मंद आचेवर होतं. ओनसीच्या पाठीचं निमित्त करून मागवलेली तिच्या भावाकडची फुलं त्यात होती. तो वास ज्याला ठाऊक आहे त्याला लपत नाही, आणि साहेबाने तीन महिने दुसरं काही हुंगलंच नव्हतं.

"आबा, अभिनंदन," तो म्हणाला. काचेच्या चौकटीत घातलेला परवाना त्याने मांडीवर ठेवला. सरकारचा गरुडाचा शिक्का, मामाचा फोटो. "तालुक्यात पहिला तुमचा. सगळ्या अर्जांत तुमचाच एक असा होता, की मला काही शंका आली नाही." मग त्याने कागद काढला. "द्यायच्या आधी एक ओळ भरावी लागते. नेहमीचीच."

मामाने पाण्याचा पेला खाली ठेवला.

"घरात काही उरलंय का?"

पिकुन चुलीकडे बघत नव्हती. मीही नव्हते. कोंबडी माचाखालून निघून अंगणात गेली.

"काही नाही," मामा साहेबाच्या डोळ्यांत बघून म्हणाला.

साहेबाने मान हलवली. त्याने चुलीकडे पाहिलं नाही, हे त्याचं भलेपण. त्याने कागदावर लिहिलं आणि चौकट पुढे केली. मामाने ती घेतली नाही.

"हा परवाना ज्याचा आहे तो माणूस आता इथे नाही," तो म्हणाला. "खरं बोलणारा होता. तुम्ही भेटलायत त्याला."

साहेब त्याच्याकडे पाहत राहिला. त्याला कळलं असावं, निदान थोडं. त्याने चौकट माझ्या हातात दिली, उपकेंद्रात ठेवा म्हणाला. मामी म्हणाली, "जेवून जा, साहेब." त्याने हात जोडले, बूट घातले, गाडी गेली.

मामाने टोपलीत हात घातला. भाताची चिमूट घेतली आणि मुठीत दाबली, पण गोळा होईना. त्याचा हात कापत होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी तो हात कापताना पाहिला. दाणे चटईवर पडले. त्याने परत चिमूट घेतली, परत सांडली.

मामीने थोडा वेळ बघितलं. मग तिने आपल्या टोपलीतून भात घेतला, बराच वेळ लावून, जीभ दातात धरून, एक गोळा वळला. ठेच्यात बुडवला आणि त्याच्या तोंडाशी धरला.

"आ करा," ती म्हणाली.

त्याने तोंड उघडलं.